आरोग्य कोपऱ्याचे गुळवे सर

गुळवे सर माणसाशी हात मिळवायचे आन् हात सुटला की लगेच खिशातून बारीक बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळायचे. त्या माणसाच्या समोरच. पयल्या दिवशी मला वाटलं अत्तर आहे. मी बी तळहात पुढं केला. त्यांनी दोन थेंब टाकले, ते मी कानामागं लावले. दिवसभर माझ्या कानाला दवाखान्याचा वास येत व्हता, आन् मी कंपनीभर सांगत फिरलो की नव्या साहेबानं मला अत्तर लावलं.

आमची कंपनी संभाजीनगरला, बिडकीनच्या रोडला. घरातले बिजलीचे स्विच बनतात तिथं. एक लांबच लांब पट्टा फिरत असतो, त्याच्या दोन्ही अंगाला तीसेक बाया बसलेल्या. एकीनं स्प्रिंग बसवायची, दुसरीनं स्क्रू, तिसरीनं झाकण. पट्टा काही थांबत नाय. म्हणून कुणाला उठायचं असलं तर हात वर करायचा. तिच्या जागी बसायला एक माणूस ठेवलेला असतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. तीस बायांना मिळून एकच रिलीव्हर, तो मी. मला सगळ्या जागा येतात, म्हणजे एकही धड येत नाय. तुमच्या घरात वर दाबल्यावर लागणारा आन् खाली दाबल्यावर विझणारा स्विच असंल, तर तो मपल्या हातचा आहे. नमस्कार घ्या.

आमचे सुपरवायझर खानभाई. ते माझ्या पाठीमागं उभे राहून म्हणायचे, "सांडू, तेरे हातां हैं के पावां हैं रे बावा?"

मी म्हणायचो, "खानभाई, अजून ठरायचंय."

तर गुळवे सर. वरून हुकूम आला व्हता म्हणं, की कामगारांची तब्येत बघायला एक माणूस ठेवा. आम्हाला वाटलं डॉक्टर येतोय. बायांनी ठेवणीतली दुखणी बाहेर काढली. कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाला संध्याकाळी दोन-दोन स्क्रू दिसायचे. पयल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरांसमोर ही रांग लागली. मी बी गुडघा घेऊन उभा राहिलो. सरांनी दोन्ही अंगठे वर केले.

"छान! छान! पण मी डॉक्टर नाही हं. माझं काम त्याच्या आधीचं. तुम्ही आजारीच पडू नये, हे माझं काम."

रांगेत पुढं कमलबाई व्हती. ती म्हणली, "आन् ज्या आधीच पडल्यात त्यांचं?"

सर हसले. "छान प्रश्न आहे."

हे त्यांचं उत्तर. कोणत्याही प्रश्नाला हेच. तुम्ही त्यांना म्हणला असता की सर, मागं आग लागली, तरी ते आधी म्हणले असते की छान निरीक्षण आहे.

दिसायला माणूस चांगला व्हता. पुंडलिकनगरात फ्लॅट, गोरा रंग, शर्टाला कायम इस्तरी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र हिरव्या पट्टीत. आवाज गोड, इतका गोड की ऐकल्यावर पाणी प्यावं वाटायचं. लोकं मला म्हणतात, माणूस वाईट नव्हता. नसंल. वाईट माणसाला निदान ठाऊक असतं आपण काय करायलाव ते.

त्यांनी आल्या आल्या भिंती भरल्या. पाठ सरळ ठेवा, श्वास खोल घ्या, दर तासाला उठून हात-पाय मोकळे करा, असले मोठमोठे रंगीत कागद. मला वाचता येत नाय, शाळेचा आन् मपला संबंध खिचडीपुरता आला. कमलबाई जेवताना मला वाचून दाखवायची. दर तासाला उठा, हे वाचून तिनं डबा खाली ठेवला आन् म्हणली, "सांडूभाऊ, तुम्ही तीस जणींच्या जागी दर तासाला बसणार का?"

"बसंन की."

"मग सगळ्या गावाचे दिवे उलटे लागतील."

कमलबाईची जागा पट्ट्याच्या टोकाला, शटरजवळ. बिडकीनजवळच्याच खेड्यातली. सकाळी आल्यावर पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना जय भीम घालत जायची, खानभाईलाही, मशीनलाही. बोलायला फटकळ, पण कामात हात असा चालायचा की तिच्या जागेवर मी बसलो की पुढच्या बाया कपाळाला हात लावायच्या. तिचं एकच दुखणं, आन् ते सांगायचं कसं हा तिचा प्रश्न व्हता. लघवीला जळजळ व्हायची, ताप यायचा, एकदा पोटात असं दुखलं की बसमधून उतरताना मटकन खाली बसली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, खडा आहे. पाणी भरपूर पी, आन् लघवी अजिबात रोखून धरू नको, नायतर किडनीवर जाईल.

आता ती रोखून का धरत व्हती, ते सांगतो. ते बी गुळवे सरांचंच काम.

आमच्या पट्ट्याला लागूनच बायांचं संडास-बाथरूम व्हतं. चार पावलं. बाई हात वर करायची, मी जाऊन बसायचो, मी एखादी स्प्रिंग पाडून ती शोधायला वाकेपर्यंत ती परत यायची. सरांना कंपनीत एक आरोग्य कोपरा करायचा व्हता. कामगारानं तिथं दहा मिनिटं बसावं, मन शांत करावं. त्यासाठी बारकं कारंजं पाहिजे व्हतं, कारण पाण्याच्या आवाजानं मन शांत व्हतं. कारंज्याला नळ पाहिजे. आन् पट्ट्याजवळ नळ असलेली खोली एकच.

तर त्यांनी ती घेतली. आतली भांडी काढली, नव्या फरशा बसवल्या, औरंगपुऱ्यातून कारंजं आणलं, प्लास्टिकचा बांबू आणला, आन् मधोमध अंग रगडणारी एक काळी खुर्ची. बायांसाठी म्हणून गेटजवळ, सिक्युरिटीच्या मागं, जुन्या संडासाला नवा रंग मारला. म्हणजे आता पट्ट्यावरून उठायचं, शटरमधून बाहेर पडायचं, भंगाराचा ढीग, कॅन्टीन, ट्रकांची जागा, असं सगळं अंगण ओलांडून जायचं, आन् तसंच परत यायचं. उन्हाळ्यात. संभाजीनगरच्या उन्हात. तेवढा वेळ मी तिच्या जागेवर. मग खानभाईचा आवाज चढायचा. मग बायांनी काय करावं? त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. सकाळी घरी एक घोट, संध्याकाळी घरी गेल्यावर बाकीचं.

कोपऱ्याच्या उद्घाटनाला मोठे साहेब आले. रिबन कापली. टाळ्या वाजवा म्हणले, आम्ही वाजवल्या. मी सगळ्यात जोरात, मला टाळ्या बऱ्या जमतात, त्याला स्प्रिंग लागत नाय. मग सरांनी खोलीला कुलूप घातलं.

कमलबाईनं विचारलं, "सर, बसायचं कधी यात?"

"ऑडिट होऊ द्या. ऑडिटनंतर सगळ्यांसाठी खुलं."

"तवर?"

"तोवर डोळे मिटून इथंच खुर्चीची कल्पना करायची. त्यालाही फायदा होतो. छान!"

मी त्या खुर्चीत एकदा बसलोय. झाडून घ्यायला सरांनी मलाच किल्ली दिली व्हती. वाटलं बघावं. बटन दाबलं तर खुर्चीनं मला पाठीत असे गुद्दे घातले की मी हात जोडून म्हणलो, चुकलं, परत नाय बसणार. बंद कुठून करायची ते कळंना. शेवटी लाईटचं मेन बटन बंद केलं, तर पट्टा बी बंद झाला. खानभाई धावत आले. मी म्हणलो, "खानभाई, मन शांत करत व्हतो."

गुळवे सरांना माझा फार उपयोग व्हता, हे मला लई दिवस कळलं नाय. मला वाटायचं माणूस मला मानतो. एकदा त्यांनी मनगटावरचं रबरी घड्याळ काढलं आन् माझ्या हातात बांधलं. "सांडू, शिफ्टभर घाल. संध्याकाळी परत दे." माझी छाती ही फुगली. साहेबाचं घड्याळ माझ्या हातात! दिवसभर मी पट्ट्याच्या या टोकाहून त्या टोकाला पळत व्हतो आन् मधूनमधून वेळ बघत व्हतो. वेळ काही कळत नव्हती, त्याच्यावर नुसते आकडे वाढत व्हते. मला वाटलं घड्याळ पुढं चाललंय. हे असं बरेच दिवस चाललं. रोज सकाळी माझ्या हातात, संध्याकाळी त्यांच्या. एकदा मी द्यायचं विसरलो आन् घालूनच घरी गेलो. बायकोला दाखवलं, साहेबानं बक्षीस दिलं म्हणलो. जेवता जेवता फोन आला. "सांडू, झोपताना काढून ठेव, नाहीतर झोपही धरतं ते."

मग एक दिवस सरांचा सत्कार झाला. सगळ्या युनिटच्या साहेबांमधे सगळ्यात जास्त चालणारा माणूस म्हणून. शाल, नारळ, आन् फोटो. कमलबाईनं नोटीस बोर्डावरच्या फोटोखालचं वाचून दाखवलं. मी म्हणलो, "बघा, माणूस बसल्या बसल्या किती चालला."

"चालला कोण सांडूभाऊ?"

मला तवा कळलं. त्याच्या आधी मी टाळ्या वाजवून बसलो व्हतो.

बाया म्हणल्या, जाऊन सांगा त्यांना. काय सांगावं? सर, माझी पावलं परत करा? मी नाय गेलो. वर दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला आरोग्यदूत केलं. हिरवं बनियन दिलं, छातीवर कायतरी लिहिलेलं. मापाला इतकं लहान की घालताना श्वास खोल घेता यायचा नाय. मी ते मेव्हण्याच्या लग्नात बी घातलं.

मग आलं पाण्याचं. वरून नवा महिना, नवा उपक्रम. सरांनी प्रत्येक बाईला एक मोठी बाटली दिली, त्यावर रेघा मारलेल्या. या वेळेला या रेघेपर्यंत, त्या वेळेला त्या रेघेपर्यंत. सगळ्यांना एकच वेळ, एकच रेघ. कमलबाई त्या दिवशी खरी खुश व्हती. म्हणली, "डॉक्टर म्हणला तेच सर म्हणायलेत. आता खानभाईला बोलता येणार नाय."

सर पट्ट्याच्या मधोमध उभे राहिले, गळ्यात शिट्टी. पी-पी वाजवली. "पाणी!" तीस बाया प्यायल्या. परत शिट्टी. "पाणी!" परत प्यायल्या. आमच्या बाया अशाच. एकदा हुकूम ऐकला की रेघेच्या खाली एक थेंब ठेवणार नाय. मी बी प्यायलो. मला वाटलं पट्ट्यावरच्या सगळ्यांना कायदा एकच.

चहाच्या आधी एक हात वर झाला. मी जाऊन बसलो. ती अंगणात पोचली नाय तवर दुसरा हात. मग तिसरा. मग काय, पट्ट्याच्या दोन्ही अंगाला हातच हात. शाळेत गुरुजीनं सोपा प्रश्न विचारल्यावर जसं व्हतं तसं. मी इकडं पळू का तिकडं? एका जागेवर बसतो तर शेजारची कण्हायली. मी मधेच उठून दुसऱ्या जागेवर, तर पयल्या जागेवर कोणीच नाय, माल ओघळायला लागला. आन् सगळ्यात वाईट म्हणजे मला सुद्धा जायचं व्हतं. रिलीव्हरला रिलीव्हर नाय.

खानभाईनं पट्टा बंद केला. ओरडले, "ये क्या तमाशा लगाए बावा!"

मोठे साहेब वरून खाली आले. त्यांनी इचारलं, "लाईन कशामुळं थांबली?"

मला वाटलं आता गुळवे सर सांगतील. शिट्टी गळ्यातच व्हती त्यांच्या. सर म्हणाले, "सर, थोडा शिस्तीचा प्रश्न आहे. काही जणी गरजेपेक्षा जास्त वेळा जातात." आन् त्यांनी बघितलं कुणाकडं? कमलबाईकडं. कारण सगळ्यात आधी हात तिनं वर केला व्हता.

उपाय बी त्यांनीच काढला. दुसऱ्या दिवशी सर एक गोणी घेऊन पट्ट्याच्या कडेनं चालत आले आन् सगळ्या बाटल्या गोळा केल्या. स्वतः. पाणी आता फक्त सुट्टीत. भिंतीवर भरपूर पाणी प्या असा कागद व्हता, त्याच्या वर दुसरा कागद चिकटवला. गोणी मलाच धरायला लावली, आरोग्यदूत म्हणून.

कमलबाईनं बाटली दिली नाय.

"सर, मला डॉक्टरनं सांगितलंय."

"हो, पण नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो ना ताई. एकीला दिली तर बाकीच्यांना काय सांगू?"

"बाकीच्यांना बी द्या."

"छान विचार आहे. पण आत्ता नाही."

तिनं बाटली पायाखाली ठेवली, दोन पायांच्या मधे. सरांनी बघितलं आन् न बघितल्यासारखं केलं. पण ते विसरले नायत. ती पाणी पिणार, हात वर करणार, मी जाऊन बसणार, ती अंगण ओलांडून येईपर्यंत माझ्या हातून माल बिघडणार, खानभाई बोलणार. असं रोज. आठवडाभरात ठेकेदाराचा निरोप आला. आम्ही सगळे ठेकेदाराचे, कंपनीचे नाय. निरोप असा, की तुझ्यामुळं आणखी एकदा लाईन थांबली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नको.

तिला वर बोलावलं. मला बी, साक्षीदार म्हणून. मोठे साहेब, गुळवे सर, आन् समोर आम्ही दोघं उभे. गुळवे सरांनी भिंतीवर चित्र लावलं, एक हसणारा पाण्याचा ग्लास. का लावलं देव जाणे.

मोठ्या साहेबांनी मला इचारलं, "ही बाई किती वेळ जागेवर नसते?"

मी म्हणलो, "साहेब, मला घड्याळाचं कळत नाय, गुळवे सरांना विचारा. पण बाई आत लई वेळ नसते. चालायलाच जातोय सगळा वेळ."

"चालायला? लेडीज तर लाईनच्या बाजूलाच आहे."

मग कमलबाई बोलली.

"होतं साहेब. त्याची रिबन तुम्ही कापली."

साहेबांनी गुळवे सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "सर, तो आपला आरोग्य कोपरा. हेड ऑफिसला फोटो गेलेत त्याचे. ऑडिटमध्ये दाखवायचाय." साहेबांनी हसऱ्या ग्लासाकडं बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, ऑडिटनंतर बघू. तोवर ॲडजस्ट करा."

कमलबाई म्हणली, "साहेब, मी पाणी पिणार आन् जाणार. किडनी ॲडजस्ट करत नाय. काढायचं असंल तर काढा. घरी माझ्याशिवाय कमावणारं कोणी नाय, पण मी मेले तर कमावणारं तसं बी कोणी राहणार नाय."

जिन्यात गुळवे सर माझ्याजवळ थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, "सांडू, मला दर महिन्याला वर काहीतरी पाठवावं लागतं रे. फोटो, उपक्रम. नाहीतर मलाही विचारतात, हा माणूस कशाला ठेवलाय." मला त्यांची कीव यायला पाहिजे व्हती. जरा येत बी व्हती. पण एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आन् मग खिशातून बाटली काढून तो हात पुसला. ती येत असलेली कीव वाटंतच थांबली.

ऑडिटच्या दिवशी आम्हाला सांगून ठेवलं व्हतं, बाहेरची माणसं आत असेपर्यंत कुणी हात वर करायचा नाय. आन् कमलबाईला वेगळं सांगितलं व्हतं. ते काय सांगितलं ते पट्ट्यावर सगळ्यांना माहीत व्हतं.

पुढं काय झालं ते आधी सांगतो, मला धीर निघत नाय. कारंजं गेलं, बांबू गेला. त्या खोलीत परत भांडी बसली, चार पावलांवर. दुसरा रिलीव्हर आला, एक बाई, तिच्या हातचे स्विच सरळ लागतात, त्यामुळं मला सगळे आणखी नावं ठेवतात. कमलबाई अजून कामावर आहे. खडा पडला. बाटली आता पट्ट्यावर असते, उघड. गुळवे सरांना पुण्याला मोठ्या जागेवर घेतलं. बढती. खरं सांगतो, मला नवल नाय वाटलं. त्यांच्यासारख्या माणसाला वरच जावं लागतं, खाली त्यांना ठेवायला जागा नसते. आज त्यांच्या हाताखाली चार कारखाने आहेत म्हणं. त्या कारखान्यांतल्या बायांचं काय चाललं असंल, मला नाय माहीत.

पण मला ते आठवतात ते ऑडिटच्या दिवशीचे.

ऑडिटला एक बाई आली व्हती. साधी, पायात चप्पल, हातात फाईल. गुळवे सर तिच्या पुढं पुढं. आरोग्य कोपरा दाखवला, खुर्ची दाखवली, कारंजं चालू केलं. बाईनं मान हलवली. पाण्याचा आवाज ऐकूनच असंल, तिनं विचारलं, "वॉशरूम कुठं आहे?"

"वर, मॅडम, ऑफिसमध्ये. या ना."

"नको, वरचं नको. या सगळ्या जिथं जातात तिथलं सांगा."

सरांनी दोन्ही अंगठे अर्धे वर केले आन् खाली घेतले. मग शटरमधून बाहेर पडले, मागं ती बाई. भर दुपार व्हती. मी शटरजवळच उभा, त्यामुळं मला दिसत व्हतं. सर आपले भंगारापाशी कायतरी समजावून सांगायलेत, कॅन्टीनपाशी कायतरी समजावून सांगायलेत, बाई नुसती चालायली.

तेवढ्यात कमलबाईनं हात वर केला.

खानभाईनं तिच्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम व्हता. खानभाईनं तोंड दुसरीकडं केलं आन् मला म्हणाले, "जा रे. लेकिन हल्लू. आज कुछ बिगाड़ा ना तू, तो पहले ये जाती."

मी बसलो. खरंच सांगतो, मी मन लावून बसलो. स्प्रिंग, दाब, पुढं. स्प्रिंग, दाब, पुढं. आयुष्यात एवढं नीट काम मी कधी केलं नव्हतं. पण तिच्या जागेवरून अंगण समोर दिसतं, हा माझा घात. मी नजर वर केली तर काय, गुळवे सर पळत चाललेत. संडासाच्या दारातून झाडांच्या नळाकडं. त्या जुन्या संडासात पाणी येत नाय, सिक्युरिटीला माहीत, बायांना माहीत. ऑडिटच्या बाईला आत गेल्यावर कळलं असणार. सरांनी नळाखाली बादली धरली. बादलीला कडी नव्हती, म्हणून भरलेली बादली छातीशी कवटाळली. ओळखपत्र त्यात बुडालं. शर्ट ओला. तसेच परत निघाले. दारापर्यंत आले आन् थांबले, कारण पुढं बायांचं. आत जाता येईना, बादली खाली ठेवून निघून जाता येईना. उभे.

ते बघता बघता मी हातानं स्प्रिंग ठेवतच राहिलो. दाबून पुढं ढकलायचं राह्यलं. माल साचला, पट्ट्याखाली गेला, कुठंतरी अडकला. करकर आवाज आला, जळका वास आला, आन् पट्टा थांबला. लोकं अजून म्हणतात, सांडूनं मुद्दाम केलं. नाय केलं. तेवढी अक्कल असती तर मी रिलीव्हर असतो का?

खानभाईनं दोन्ही हात डोक्याला लावले. "गया! सब गया!"

माझ्या हातानं कमलबाईचं काम गेलं.

पण मग काय झालं, की पट्टा बंद म्हणजे हात वर करायचं काम नाय. रिलीव्हरचं काम नाय. एक बाई उठली. तिच्या शेजारची उठली. मग सगळ्या उठल्या. कोणी कोणाला काही बोललं नाय, सगळ्यांना सकाळपासून एकाच ठिकाणी जायचं व्हतं. शटरमधून निघाल्या, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, भंगाराच्या बाजूनं, कॅन्टीनच्या बाजूनं. मी बी मागं गेलो, कमलबाईला तोंड दाखवायला.

तिथं रांग लागली. सगळ्यात पुढं गुळवे सर, बादली कवटाळून. त्यांच्या मागं कमलबाई. तिच्या मागं बाकीच्या सगळ्या बाया, थेट ट्रकांच्या जागेपर्यंत.

दार उघडलं. ती ऑडिटवाली बाई बाहेर आली. तिनं सरांकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, मग रांग बघितली, पार शेवटपर्यंत.

"हे रोज असं असतं?"

सर म्हणाले, "मॅडम, आज काही तांत्रिक कारणानं..."

कमलबाई म्हणली, "नाय मॅडम. रोज एकटीनंच यावं लागतं."

बाईनं फाईल उघडली. कमलबाई पुढं झाली, सरांच्या हातातली बादली घेतली आन् आत गेली. आतून कडी लागली. मग पाणी ओतल्याचा आवाज. सर दाराकडं बघत हात तसेच पुढं धरून उभे, जणू बादली अजून हातातच आहे.

कमलबाई बाहेर आली. चेहरा सैल झालेला. रिकामी बादली तिनं त्यांच्या हातात परत ठेवली.

"सर, अजून लागंल. मागं लई जणी आहेत."

त्यांनी रांगेकडं बघितलं. कोणी हसलं नाय, उन्हात हसायला कुणाला सवड नव्हती. मग सर वळले आन् बादली छातीशी धरून नळाकडं गेले. पळत गेले. आमच्या तब्येतीसाठी त्या माणसानं केलेलं तेवढं एक काम मी मपल्या डोळ्यांनी बघितलं.